मंडळाच्या खोलीत वाचनालय काढायचंय, पण ते नक्की कशासाठी आणि कुणासाठी? मार्गदर्शन हवंय

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथे पुण्यातले जुने वाचक बरेच आहेत म्हणून इथेच विचारतोय.

आमचा भाग धायरी फाट्याच्या पुढे. गणेश मंडळाची एक पक्की खोली आहे, बऱ्यापैकी मोठी, उत्सवाचे दिवस सोडले तर वर्षभर तिच्यात मांडवाचे वासे, पताका आणि ढोल पडून असतात. आमच्याकडचे एक निवृत्त शिक्षक मध्यंतरी गेले आणि त्यांच्या घरच्यांनी त्यांची सगळी पुस्तकं मंडळाला दिली, दीड-दोन हजार तरी असतील, चरित्रं, कथा-कादंबऱ्या, विश्वकोशाचे खंड, लहान मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे. सरांनी आमच्यातल्या अर्ध्या पोरांना फुकट शिकवलंय, त्यामुळे ही पुस्तकं रद्दीत जाता कामा नयेत यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढचं मात्र काही जमत नाहीये.

मीटिंग झाली आणि तट पडले. काहीजण म्हणतात अभ्यासिका करा, स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे वेळेवर देतात, वीजबिल निघून वर शिल्लक राहील. काहीजण म्हणतात वाचनालयच करा पण मंडळाच्या सभासदांपुरतं, बाहेरच्यांकडून पुस्तकं परत येत नाहीत. आणि आम्ही तिघं-चौघं म्हणतोय की सगळ्यांसाठी उघडा, नाल्यापलीकडे बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथली मुलं संध्याकाळभर रस्त्यावर असतात, तीही आत आली पाहिजेत. त्यात आता एका इच्छुक उमेदवारांचा निरोप आलाय की चार स्टीलची कपाटं देतो पण दारावर फोटो आणि कपाटांवर नाव पाहिजे. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की राजकारणावरची आणि धर्मावर टीका करणारी पुस्तकं आधी बाजूला काढा, मंडळात भांडणं नकोत.

मला मुळात हे समजून घ्यायचंय की सार्वजनिक वाचनालय ही गोष्ट आपल्याकडे सुरू झाली कशी, ज्यांनी काढली त्यांच्या मनात काय होतं, आणि त्यातलं आज आमच्यासारख्यांनी काय धरून ठेवायचं. मीटिंगमध्ये नुसतं भावनेनं बोललं की कुणी ऐकत नाही, हाताशी काहीतरी ठोस पाहिजे. पैशाचं आणि पुस्तकं हरवण्याचं काय करायचं तेही कुणी चालवणाऱ्यानं सांगितलं तर फार बरं होईल.

नारायणपेठी:

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे लांब लिहिणार, आधीच सांगतो.

पुण्यात याची सुरुवात 1848 सालची. आज जे पुणे नगर वाचन मंदिर आहे ते तेव्हा पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी या नावानं बुधवारवाड्यात निघालं आणि त्यामागे पुढाकार होता गोपाळ हरी देशमुखांचा, म्हणजे आपले लोकहितवादी. वय बघा, 1823 चा जन्म, म्हणजे पंचविशीतला माणूस. त्याच वर्षी ते मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला लागले आणि त्या पत्रांचा सूर एकच, की आपले लोक जगात काय चाललंय ते वाचत नाहीत, जुन्या पाठांतराला विद्या समजतात, आणि त्यामुळे राज्य गेलं तरी का गेलं ते त्यांना कळत नाही. त्यांना लायब्ररी हवी होती ती यासाठी. वेळ घालवायची जागा म्हणून ती काढलीच नव्हती.

पुणं पहिलं नव्हे हेही सांगून ठेवतो, पुणेकरांना आवडणार नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. बहुतेक ठिकाणी साधारण एकच कथा, एखादा इंग्रज अधिकारी किंवा न्यायाधीश, गावातले शिकलेले चार लोक, थोडी देणगी, थोडी वर्गणी. आणि खरं बोलायचं तर वाचक कोण, तर इंग्रजी येणारे सरकारी नोकर, वकील, मास्तर. गावातल्या कष्टकरी माणसाला, बायकांना, दलितांना त्या दारातून आत कोण घेत होतं? आता हे लक्षात घ्या की त्याच 1848 साली त्याच बुधवार पेठेत भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. एका पेठेत एकाच वर्षी पुस्तकांची जागाही निघाली आणि ज्यांना अक्षरओळखच नाकारली होती त्यांची शाळाही निघाली, आणि मधलं अंतर चालत काही मिनिटांचं. सार्वजनिक वाचनालयाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे हे अंतर कमी करायची धडपड आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या नाल्यापलीकडच्या मुलांचा प्रश्न त्यातच येतो.

नंतर अजून एक लाट आली. 1893 ला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, 1898 ला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि 1911 ला आपलं पुणे मराठी ग्रंथालय. कारण सरळ होतं, इंग्रजी पुस्तकं कपाटात होती पण मराठीत छापलेलं सगळं एका जागी कुठेच मिळत नव्हतं. ज्या माणसाला फक्त मराठी येतं त्यालाही जगातलं सगळं वाचायला मिळालं पाहिजे, आणि मराठीत कुणी काही लिहिलं तर ते हरवता कामा नये, अशा दोन्ही गोष्टी त्यात होत्या. सरांचे दिवाळी अंक टाकून देऊ नका म्हणून सांगतोय. जुने दिवाळी अंक शोधत संशोधक वणवण फिरतात.

बुधवारवाडा 1879 च्या आगीत गेला. संस्था मात्र राहिली, कारण तिच्या मागे माणसं होती. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की असली कामं टिकत नाहीत तर हे सांगा.

कोषाध्यक्ष कर्वेनगर:

इतिहास वाचून छान वाटलं, पण मी एका मंडळाचे हिशेब बघतो म्हणून व्यवहाराचं बोलतो. वाईट वाटून घेऊ नका.

खोलीला वीजबिल आहे, झाडायला माणूस लागतो, रोज संध्याकाळी कुणीतरी टेबलावर बसायला लागतं. पहिले दोन महिने सगळे येतात, मग पोरांच्या परीक्षा, कुणाची बदली, कुणाचं लग्न, आणि कुलूप लागतं. मी अशी कुलपं बघितलीत. अभ्यासिकेचे पैसे येत राहतात म्हणून त्या चालतात, नारायण पेठेत, सदाशिव पेठेत, नवी पेठेत गल्लीगल्लीत आहेत, हे डोळ्यांनी दिसतंय. फुकट दिलं की लोक जपत नाहीत. निदान वर्गणी आणि डिपॉझिट तरी ठेवा, आणि डिपॉझिट एवढं ठेवा की पुस्तक नाही आलं तरी मंडळाचं नुकसान होऊ नये. सगळ्यांसाठी उघडं हे ऐकायला चांगलं आहे पण वर्षाअखेरीला ताळेबंद मला मांडायचा असतो.

पर्वती पायथा:

कोषाध्यक्ष दादा, तुमच्याबद्दल राग नाही, पण डिपॉझिटबद्दल मला बोलायलाच पाहिजे.

मी पर्वतीच्या पायथ्याला वस्तीत वाढले. आई चार घरची धुणीभांडी करायची. पाचवी-सहावीत असताना मैत्रिणीबरोबर पेठेतल्या एका वाचनालयात गेले होते, नाव सांगत नाही. तिचं कार्ड होतं. ती आत जाऊन पुस्तक निवडत होती आणि मी टेबलाजवळ उभी. तिथल्या बाईंनी मला विचारलं तुला काय पाहिजे, मी म्हणलं मला पण मेंबर व्हायचंय. त्या अजिबात वाईट बोलल्या नाहीत, नियमच सांगितला, डिपॉझिट, पहिल्या महिन्याची वर्गणी, लाईट बिलाची झेरॉक्स आणि एका सभासदाची सही. आमच्या खोलीचं लाईट बिल आमच्या नावावर नव्हतंच. सहीसाठी आई कामावरच्या बाईंना विचारू शकली असती पण तिला ते मागणं लाजिरवाणं वाटलं, आणि तिनं मला परत त्याबद्दल काही बोलू दिलं नाही. डिपॉझिटची रक्कम आज बघितली तर काहीच नाही. तेव्हा आमच्या घरात तेवढ्यात आठवड्याचा किराणा यायचा.

पुढे आमच्या मनपा शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या कार्डावर मला पुस्तकं आणून द्यायला सुरुवात केली. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर त्या पिशवीतून पुस्तक काढायच्या, मी ते वर्तमानपत्राच्या कागदात घालून घरी न्यायचे आणि पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली ठेवायचे कारण पावसाळ्यात आमच्या छताला गळती असायची. त्या बाईंच्या नावावर एकही पुस्तक उशिरा गेलं नाही, एकाचंही पान फाटलं नाही. फुकट मिळालं की जपत नाहीत हे मी कधीच मान्य करणार नाही. ज्याला आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक हातात मिळतं तो ते कसं जपतो ते मी स्वतः जगलेय.

म्हणून माझी विनंती आहे, लहान मुलांना डिपॉझिट नको, कागद नको. नाव, शाळा, कुठे राहतो, बास. एका वेळी एकच पुस्तक द्या हवं तर. आणि वेळेचा विचार करा. संध्याकाळी सहा ते आठ ठेवलं तर ज्या बायका घरकामाला जातात त्यांना ती वेळ स्वयंपाकाची असते, त्यांना दुपारी दोन ते चार मोकळं असतं. बांधकामावरची माणसं साडेसात-आठला परततात. दार सगळ्यांना उघडं आहे असं म्हणायचं आणि उघडायचं अशा वेळी की त्यांना येताच येऊ नये, असं नका करू. चपला बाहेर काढायचा नियम ठेवलात तरी कुणी अनवाणी आलं तर त्याच्याकडे टक लावून बघू नका एवढंच.

परभणीचा:

ताई तुमचं वाचून काय बोलावं सुचंना.

मी अभ्यासिकेच्या बाजूनं लिहायला आलो होतो कारण मी स्वतः एमपीएससीसाठी पुण्यात आलो आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसच्या दिवस काढले. लोक म्हणतात अभ्यासिका म्हणजे धंदा, असेलही, पण गावाकडून आलेल्या पोराला कॉट बेसिसवर चौघांच्या खोलीत अभ्यास करता येत नाही, त्याला शांत खुर्ची-टेबल लागतं हो, ते फार मोठं असतं. त्यामुळे अभ्यासिकेला कमी समजू नका.

पण एक गोष्ट मनापासून सांगतो. अभ्यासिकेत आमच्या टेबलावर ठराविकच पुस्तकं, त्याच नोट्स, तेच प्रश्नसंच. शेजारचा कोण, कुठला, काय वाचतो काही माहीत नसायचं. मी ज्या वाचनालयात सकाळी पेपर वाचायला जायचो तिथं मोफत वाचनकक्ष होता, कुणी नाव विचारायचं नाही, लाकडी उतरत्या स्टँडवर पेपर लावलेले, उभं राहून वाचायचे. तिथं रिक्षावाले काका यायचे, पेन्शनवाले आजोबा यायचे, आणि अग्रलेखावरून बाहेरच्या कट्ट्यावर त्यांची रोज चर्चा चालायची. मुलाखतीत मला जे बोलता आलं ते त्या कट्ट्यावरून आलं, नोट्समधून नाही. पोस्ट निघाली नाही, आता खासगी नोकरीत आहे, पण पेपर वाचायची आणि समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय तिथली.

तर माझं म्हणणं दोन्ही करा. सकाळी सहा ते दुपारी अभ्यासाला खोली द्या, पोरांकडून जमेल तेवढे पैसे घ्या, त्यातनं वीजबिल काढा. दुपारनंतर वाचनालय, ते सगळ्यांना. फक्त एक अट लिहूनच ठेवा की अभ्यासिकेची मुलं वाढली म्हणून वाचनालयाची वेळ कमी करायची नाही, कारण तसंच होतं, आधी एक टेबल जातं मग सगळी खोली जाते आणि पुस्तकांची कपाटं भिंतीकडे तोंड करून उभी राहतात.

मावळचा ग्रंथपाल:

मी तालुक्याच्या एका अनुदानित वाचनालयात नोकरीला आहे, बरीच वर्षं झाली. चालवणाऱ्यानं सांगावं असं तुम्ही लिहिलंय म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी सरकारी बाजू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा, अंमल 1 मे 1968 पासून. आपल्याकडची पद्धत अशी की गावातल्या लोकांनी संस्था काढायची, ती नोंदवायची, आणि सरकारनं तिला मान्यता आणि वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यायचं, अ ब क ड. राज्यात अशी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत, बहुतेक सगळी लोकांनी उभी केलेली. तमिळनाडूत घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेतात, आपल्या कायद्यात तसा कर नाही, त्यामुळे आपलं सगळं अनुदान बजेटवर अवलंबून. ग्रंथालय सेवकाचा पगार किती कमी आहे ते इथं लिहीत नाही, वाचून त्रास होईल. तुम्हाला सल्ला एवढाच की अनुदान मिळेल या भरवशावर सुरू करू नका. संस्था म्हणून 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून ठेवा, म्हणजे पुस्तकं कुणा एकाची राहत नाहीत, मंडळात उद्या फूट पडली तरी संग्रह वाचतो. हे काम आधी करा, कपाटं नंतर.

आता पुस्तकं. डॉ. रंगनाथन हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव, मूळचे गणिताचे प्राध्यापक, 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिलंच सूत्र आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. ऐकायला साधं वाटतं, पण मी अशी वाचनालयं बघितलीत जिथं नवी पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी. पुस्तक सांभाळणं म्हणजे ते लोकांपासून लांब ठेवणं असा समज खोलवर बसलाय. तुम्ही पहिल्या दिवसापासून मुक्तद्वार ठेवा, म्हणजे वाचकानं स्वतः कपाटापाशी जायचं, हातात घ्यायचं, चाळायचं, नको असेल तर टेबलावर ठेवायचं, जागेवर आपण लावायचं. मुलांची पुस्तकं सगळ्यात खालच्या दोन फळ्यांवर. मोठ्यांना वाकायला लागलं तर लागू दे.

दाखल नोंदवही करा आणि ती हातानं लिहा. कॉम्प्युटरवर एक्सेल ठेवाच, पण नोंदवही हा मूळ कागद आहे, तपासणीला तोच बघतात. प्रत्येक पुस्तकाला एक दाखल अंक, तो कधीही दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, पुस्तक बाद झालं तरी नाही. शिक्का नावाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर, आमच्याकडे पंचविसावं पान आहे. शेवटी आतल्या बाजूला तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि खळ वापरलीत तर तिच्यात मोरचूद घाला नाहीतर कसर लागते, त्यापेक्षा बाजारातला चांगला गोंद बरा. दीड-दोन हजार पुस्तकांना चार पोरं बसली तर महिनाभरात होईल. आणि हे काम त्या नाल्यापलीकडच्या मुलांना बरोबर घेऊन करा. ज्या पुस्तकावर स्वतः शिक्का मारला ते पुस्तक मूल सहसा विसरत नाही.

पुस्तकं हरवतात. हो, हरवतात. पण इतक्या वर्षांत माझा अनुभव असा की जी जातात त्यात वस्तीतल्या मुलांकडची फार थोडी असतात. जास्त जातात ती नेऊन परत करायला विसरलेल्या मोठ्या माणसांकडे, बदली झालेल्यांकडे, आणि क्षमा करा, कार्यकारी मंडळातल्या लोकांकडे, कारण ते नोंद न करता नेतात. म्हणून अध्यक्षांपासून सगळ्यांनी नोंद करूनच पुस्तक न्यायचं हा एक नियम करा. बाकी दर वर्षी थोडी पुस्तकं गहाळ होणार हे धरून चाला. जिथं एकही पुस्तक हरवत नाही तिथं बहुधा कुणी वाचतच नाही.

निवडीबद्दल. तुमचे ज्येष्ठ म्हणतात अमुक पुस्तकं काढा. त्यांचा मान ठेवून त्यांना सांगा की वाचनालयानं काय ठेवायचं हे युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही आलंय, 1949 सालचा पहिला, 1994 आणि 2022 ला नव्यानं काढलेला. त्यात म्हटलंय की वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक सेन्सॉरशिप संग्रहावर नको आणि व्यापारी दबावही नको, आणि सेवा सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, वय, धर्म, भाषा, परिस्थिती काही न बघता. माझ्या वाचनालयात गांधींवरची, सावरकरांवरची, आंबेडकरांवरची, मार्क्सवरची पुस्तकं एकाच कपाटात शेजारी शेजारी उभी आहेत, आजवर त्यांच्यात भांडण झालेलं नाही. फक्त फाटकी, कसर लागलेली आणि कालबाह्य झालेली, म्हणजे जुनी गाईडं आणि रद्द झालेल्या कायद्यांची पुस्तकं, ती जरूर बाजूला काढा.

आणि ती चार कपाटं. कपाटं घ्या पण फोटो नको. देणगीदारांची यादी एका बोर्डवर सारख्या अक्षरात लावा, शंभर रुपये देणाऱ्याचं आणि कपाटं देणाऱ्याचं नाव एकाच आकारात. ज्या दारावर एका पक्षाचा माणूस हसतोय त्या दारातून दुसऱ्या पक्षाच्या घरातलं मूल आत यायला बिचकतं.

सिंहगडरोडकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः पर्वतीच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ग्रंथपाल सर, कमिटीच्या लोकांनी नोंद करूनच न्यायचं हे मी मीटिंगच्या विषयपत्रिकेवर पहिल्या नंबरला घेतोय.

आता एकच गाठ सुटत नाहीये. पैसे. कोषाध्यक्ष म्हणतात तेही खोटं नाही, उत्सवाच्या वर्गणीतून किती काढणार आणि मंडळाच्या लोकांना त्याचा हिशेब द्यायला लागतो. पूर्ण फुकट की थोडे पैसे, याबद्दल जगात किंवा आपल्याकडे कुणी काही वेगळा मार्ग काढला होता का?

नारायणपेठी:

काढला होता, आणि आपल्याच माणसानं. बडोद्याचे सयाजीराव महाराज.

त्यांनी 1906 साली आधी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मग लक्षात आलं की मूल चार यत्ता शिकतं, शाळा सुटली की वाचायला काही नसतं, आणि शिकलेलं विसरतं. म्हणजे शाळेवर केलेला खर्च वाया. अमेरिकेतली मोफत ग्रंथालयं ते स्वतः बघून आले होते, तर 1910 साली त्यांनी तिकडून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं, शहरात मध्यवर्ती ग्रंथालय आणि जिथं वाचनालय नाही त्या गावांना पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या. पैशाची व्यवस्था ऐका. गावकऱ्यांनी एक वाटा जमवला की तेवढाच प्रांत पंचायतीनं, म्हणजे तिथल्या जिल्हा मंडळानं, घालायचा आणि तेवढाच सरकारनं. म्हणजे गावानं हात वर करायला हवा, पण ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला दारात अडवायचं नाही. वर्गणी गावाची, वाचणाऱ्याची नव्हे.

ब्रिटनमध्ये 1850 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तेव्हा हाच वाद पार्लमेंटात झाला होता. नगरपालिकेला ग्रंथालयासाठी पौंडामागे फक्त अर्धा पेनी पट्टी लावायची परवानगी, आणि त्या पैशातून इमारत आणि नोकर चालतील पण पुस्तकं घ्यायची नाहीत, ती देणगीतून मिळवा! कामगार वाचायला लागले तर डोक्यात भलतंसलतं भरेल अशी भीती तिथंही होती. अमेरिकेत बोस्टनचं मोठं ग्रंथालय 1848 साली मंजूर झालं, आपल्या पुण्याच्याच वर्षी, आणि त्याच्या नंतरच्या इमारतीच्या दारावर सर्वांना मोफत असं कोरलंय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पुस्तक घरी नेणाऱ्या मोठ्यांकडून वर्षाची माफक वर्गणी घ्या, ज्याला जमत नाही त्यानं सांगितलं की माफ, कारण विचारायचं नाही. मुलांना आणि खोलीत बसून वाचणाऱ्यांना काहीच नाही. उत्सवात डेकोरेशनच्या बजेटमधून ठराविक हिस्सा वाचनालयाला असं ठरावात घाला. लोकमान्यांनी उत्सव सार्वजनिक केला तो लोकांनी एकत्र यावं, व्याख्यानं ऐकावीत यासाठी, तेव्हा मंडळानं पुस्तकांवर खर्च करणं परंपरेबाहेरचं आहे असं कुणी म्हणू शकणार नाही.

कोषाध्यक्ष कर्वेनगर:

वाटा पद्धत मला पटली. हिशेबातही बसते, कारण गोळा केलेली रक्कम आणि मंडळाचा हिस्सा समोरासमोर दिसतो. सिंहगडरोडकर, वाचनालयाचं खातं मात्र वेगळं उघडा, उत्सवाच्या खात्यात मिसळू नका, आणि महिन्याचा जमाखर्च दारावरच लावा. पैसे दिसले की लोक देतात. ताईंचं वाचल्यावर लहान मुलांच्या डिपॉझिटचा मुद्दा मी सोडलाय.

परभणीचा:

आणि रविवारी मला सांगा, मी येतो शिक्के मारायला. वारज्यात राहतो, लांब नाही.

सिंहगडरोडकर:

नक्की या. ग्रंथपाल सर, ती दाखल नोंदवही छापील मिळते का आम्ही साध्या रजिस्टरवर रकाने आखायचे?

मावळचा ग्रंथपाल:

छापील मिळते. अप्पा बळवंत चौकात शाळा-कॉलेजचं स्टेशनरी सामान ठेवणाऱ्या दुकानात ग्रंथालयाचं दाखल रजिस्टर म्हणून मागा. जाड पुठ्ठ्याचं, शिवलेल्या बांधणीचं घ्या, चिकटवलेलं नको, सारखं उघडून पानं सुटतात. रकाने बघून घ्या, तारीख, दाखल अंक, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत, कुठून आलं आणि शेरा एवढं असलं पाहिजे. कुठून आलं या रकान्यात सरांचं नाव प्रत्येक पुस्तकापुढे पूर्ण लिहा, वरीलप्रमाणे अशी खूण करू नका. सहीशिक्क्याला वेगळं पॅड घ्या, जांभळी शाई, निळी पसरते.